गॅसच्या टाकीचा स्मोकर: सगळा खेळ हवेचा

"दादा, घरी एक सिलिंडर एक्स्ट्रा पडून आहे, कापून टाकू का?"

मामेभावाचा हा फोन आला तेव्हा मी चहा पिऊन राहिलो होतो, कप खालीच ठेवला. त्याने कुठंतरी अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते, जुनी प्रोपेनची टाकी आडवी करायची, वरून दरवाजा कापायचा, एका बाजूला आगीची पेटी जोडायची, दुसऱ्या बाजूला चिमणी, आणि मग दहा-दहा तास मटण आत ठेवून धुरावर शिजवायचं, यालाच स्मोकर म्हणतात. दिसायला एकदम सोपं. म्हणून याला वाटलं आपल्याकडेही लाल टाकी आहेच की, ग्राइंडर शेजाऱ्याकडून आणू आणि रविवारी सुरू करू. मी त्याला तेव्हा फोनवर जे सांगतलं आणि नंतर आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते सगळं इथं लिहून टाकतो, कारण अजून दोघा-तिघांनी विचारलंय.

पहिली गोष्ट, ती लाल टाकी तुझी नाहीच बाप्पा. कनेक्शन घेताना आपण जे पैसे भरतो ते डिपॉझिट असतं, टाकीची किंमत नसते, टाकी तेल कंपनीच्या मालकीची राहते. अमेरिकेत घरामागे बसवायची २५० गॅलनची म्हणजे साधारण ९५० लिटरची टाकी माणूस स्वतः विकत घेऊ शकतो, जुनी झाली की विकूही शकतो, म्हणून तिथं हा उद्योग चालतो. आपल्याकडे गॅस सिलिंडर रूल्स २०१६ आहेत आणि ते पाहणारं पेसो नावाचं केंद्र सरकारचं खातं आहे, त्याचं मुख्य ऑफिस तर आपल्याच नागपुरात आहे, सेमिनरी हिल्सला सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये. तपासणीत नापास झालेला सिलिंडर भंगारात काढायचा तर तो चेपून सपाट करायचा किंवा असा वेडावाकडा कापायचा की ते तुकडे परत जोडून सिलिंडर बनूच नये, असा नियम आहे. त्यामुळे एखाद्या कबाड्याकडे अख्खी लाल टाकी उभी दिसली तर ती तिथं कशी आली हा प्रश्न आधी स्वतःला विचारा, आणि हात लावू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तीच लोक सगळ्यात हलक्यात घेतात. "अरे पण रिकामी आहे ना." रिकामी टाकी ही रिकामी नसते. शेगडी बंद पडली म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेएवढा झाला एवढंच, आत गॅस भरलेलाच असतो. आता गंमत बघा, गॅस नुसता असला तर जळत नाही, त्याला हवा लागते, आणि हवाही ठराविक प्रमाणात लागते. हवेत एलपीजी साधारण २ टक्के ते ९-साडेनऊ टक्के असेल तेव्हाच ते मिश्रण भडकतं. त्याच्या खाली पातळ पडतं, वर घट्ट. म्हणजे व्हॉल्व्ह काढून टाकी दोन दिवस अंगणात ठेवली, आत थोडी हवा शिरली, थोडा गॅस उरला, की ती टाकी कापायला सगळ्यात वाईट, कारण आता आत बरोबर फुटायचा मसाला तयार झालेला असतो.

किती गॅस पुरतो? घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ३३ लिटरच्या आसपास जागा असते. त्याचे २ टक्के म्हणजे पाऊण लिटरही नाही. वजनात काढलं तर दीड ग्रॅम. अर्धा चमचा साखरेपेक्षाही कमी! एवढा गॅस तं आतल्या गंजात आणि बुडाला साचलेल्या तेलकट चिकट्यात सहज लपून बसतो, आणि ग्राइंडरने पत्रा तापला की बाहेर येतो. वरून एलपीजी हवेपेक्षा जड आहे, टाकीचं तोंड वर ठेवून उडून जाईल म्हणाल तर तो कायले जाते, खालीच बसून राहतो.

आणि वासावर भरवसा ठेवू नका. गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच, लीक कळावं म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं सडक्या कोबीसारखं वास मारणारं रसायन टाकतात. पण आतल्या गंजाशी त्याची रिअ‍ॅक्शन होऊन वास हळूहळू मरतो. म्हणजे जुन्या गंजक्या टाकीला वास येत नाही याचा अर्थ गॅस नाही असा होत नाही. तिकडचे जाणकार लोक म्हणूनच व्हॉल्व्ह काढून टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरतात, पाणी आत जाते तसा गॅस बाहेर ढकलला जातो, आणि आत हवेला जागाच उरत नाही. ९५० लिटरची टाकी म्हणजे जवळपास टनभर पाणी, तरी ते भरतात. आपल्याकडे त्या भानगडीत पडायचंच नाही.

मग टाकी कुठून आणायची? पंक्चरच्या दुकानात जो हवा भरायचा कॉम्प्रेसर असतो ना, त्याची आडवी टाकी. आकार तोच, गोल आणि दोन्ही टोकं फुगीर, आत आयुष्यभर फक्त हवाच होती. आम्हाला कामठी रोडला एका कबाड्याकडे मिळाली, ५० सेंटिमीटर व्यासाची, १२० लांब, पत्रा पाच मिलिमीटर. जाड पत्रा पाहिजेच, कारण जाड लोखंड उष्णता धरून ठेवतं, दरवाजा उघडला तरी तापमान धाडकन पडत नाही. २०० लिटरचा ड्रम स्वस्तात मिळतो पण पत्रा इतका पातळ की हिवाळ्यातल्या वाऱ्याने तापमान वरखाली नाचत राहते, आणि आधी त्यात कोणतं केमिकल होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एसीच्या गॅसचे छोटे सिलिंडर तर अजिबात नको, त्यातला उरलेला गॅस ज्वाळेत आला की विषारी वायू तयार होतात.

कॉम्प्रेसरच्या टाकीत गॅस नसला तरी पिस्टनमधून आलेलं तेल बुडाशी काळ्या गाळासारखं बसलेलं असतं, त्याची वाफही पेट घेते. म्हणून गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्याने दोन वेळा धुतली, हातात रबरी ग्लोव्हज आणि डोळ्यांवर चष्मा घालून, आणि कापताना कापायच्या रेघेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून ठेवलं. ड्रेनचा आणि बाकीचे सगळे प्लग उघडे ठेवले. वेल्डरने डोक्याला हात लावला, म्हणे "भाऊ, एवढं कोण करते". करा म्हटलं.

आता मुख्य मुद्दा. स्मोकर म्हणजे धुराची मशीन असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती हवेची मशीन आहे, धूर आपसूक येतो. शेगडीवर किंवा तंदुरात आग खाली आणि मटण तिच्या डोक्यावर. स्मोकरमध्ये आग एका खोलीत, मटण शेजारच्या खोलीत, आणि मधून गरम हवा वाहत जाते. मटणाच्या खोलीत तापमान ठेवायचं साधारण ११० ते १३५ अंश. ही हवा ढकलायला पंखा नाही, मोटर नाही. चिमणी ओढते. गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड, या फरकामुळे चिमणीतून हवा वर जाते आणि मागून आगीच्या पेटीच्या झरोक्यातून नवी हवा आत येते.

हा ओढा किती नाजूक असतो ते मी एकदा कागदावर काढून पाहिलं. बाहेर ३० अंश, आत १२० अंश, चिमणी ११५ सेंटिमीटर उंच, तर दाबाचा फरक येतो जेमतेम ३ पास्कल. म्हणजे पाण्याच्या एक तृतीयांश मिलिमीटर थराएवढा! फुंकर मारली तरी यापेक्षा जास्त दाब पडतो. एवढ्याशा ओढ्यावर सगळा कारभार चालतो, म्हणून कुठं फट राहिली, चिमणी बारीक झाली, मधलं भोक छोटं पडलं की लगेच आग गुदमरते. आणि नागपूरकरांसाठी खास गोष्ट, मे महिन्यात ४५ अंशात बाहेरचीच हवा तापून हलकी झालेली असते, तेव्हा हाच ओढा साधारण २० टक्क्यांनी कमी होतो. डिसेंबरात सकाळी दहा-अकरा अंश असते तेव्हा तोच स्मोकर भट्टीसारखा ओढतो. तसंही मे महिन्यात गच्चीवर आगीजवळ कोण उभं राहील म्हणा.

मापं अशी काढली. टाकीचं आकारमान साधारण २३५ लिटर. आगीची पेटी त्याच्या एक तृतीयांश ठेवतात, हा बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे, म्हणजे ७८-८० लिटर, म्हणजे ४३ सेंटिमीटरचा चौकोनी डबा. तो सहा मिलिमीटरच्या प्लेटचा बनवला, इतवारीत लोहाओळीत प्लेट कापून मिळाली. चिमणीचं आकारमान टाकीच्या ६ टक्के धरलं, १४ लिटर, म्हणून पाच इंची पाइप ११५ सेंटिमीटर लांब. वेल्डरकडे चार इंची पडून होता आणि तो म्हणे एका इंचाने काय फरक पडते. पडते ना भाऊ, पाच इंचीचं तोंड चार इंचीच्या दीडपटीहून मोठं असते, व्यास थोडा वाढला तरी क्षेत्रफळ वर्गाने वाढते. पेटी आणि टाकीच्या मधलं भोक चिमणीच्या तोंडाच्या दुप्पट ठेवलं, अर्धचंद्रासारखं, ३८ सेंटिमीटर रुंद आणि मध्यभागी ९ उंच. पेटी टाकीपेक्षा खाली बसवायची, आणि चिमणीचं टाकीतलं तोंड मटण ठेवायच्या जाळीच्या पातळीवर घ्यायचं, छतावर नाही. छतावर घेतलं तर गरम हवा वरच्या वर निघून जाते, मटणाला शिवतच नाही.

जाळीसाठी आणि पाइपसाठी जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड माल घेऊ नका, स्वस्त पडला तरी. त्यावर जस्ताचा थर असतो, तो वेल्डिंगच्या वेळी जळून पांढरा धूर निघतो आणि त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो, वेल्डर लोकांना हे चांगलं माहीत असते. साधं काळं लोखंड किंवा स्टेनलेस स्टील घ्या.

आता आमची फजिती. दरवाजा. मी मार्करने मस्त आयत आखला, आणि उत्साहात चारही बाजू एका दमात कापल्या. तुकडा सुटला तसा "टण्" आवाज आला आणि डोळ्यांदेखत त्याचा बाक उघडला, म्हणजे जरा सपाट झाला. परत जागेवर ठेवला तर वरच्या कोपऱ्यात बसते तेव्हा खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट! पत्रा वाकवून गोल केला तेव्हाच त्याच्यात ताण अडकून बसलेला असतो, कापला की तो मोकळा होतो. बरोबर पद्धत अशी की आधी फक्त बिजागरीची बाजू कापायची, लगेच बिजागऱ्या वेल्ड करून टाकायच्या, मग दरवाजावर आडव्या बाकदार पट्ट्या टाके मारून बसवायच्या आणि त्यानंतर उरलेल्या तीन बाजू कापायच्या. आम्ही पूर्ण दुपार जॅक आणि साखळीने तो दरवाजा परत वाकवण्यात घालवली, शेवटी कडेने २५ मिलिमीटरची पट्टी फिरवली आणि आतून भट्टीला लावतात तो फायबरग्लासचा दोर चिकटवला. अजूनही उजव्या कोपऱ्यातून थोडा धूर येतो. मामेभाऊ त्याला माझी सही म्हणते.

आतून रंग अजिबात नाही. जुना रंग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून काढला, मग पेटीत मोठी आग करून रिकामाच दोन तास तापवला, मग आतून जवसाच्या तेलाचा पातळ हात. जवस आपल्याकडे चटणीसाठी घरात असतेच, पण त्याचं तेल हवेत आणि उष्णतेत सुकून कडक थर बनवते, भज्यांच्या तेलासारखं चिकट राहत नाही, म्हणून लोखंडाला ते चांगलं. तीन वेळा लावलं, तीन वेळा तापवलं, तवा वापरून वापरून काळा होते तसा आतून काळा झाला.

लाकडाच्या बाबतीत आपण नशीबवान लोक. काटोल, वरुडकडे संत्र्याच्या बागा, जुनी झाडं निघतातच, आणि संत्र्याचं लाकूड यासाठी एक नंबर. जाम, म्हणजे पुण्यामुंबईवाल्यांचा पेरू, तोही चालते, आंबा चालते, बाभूळ निखाऱ्याला मस्त. फक्त संत्र्याच्या खोडाला बागायतदार बोर्डो पेस्ट लावतात, मोरचूद आणि चुन्याची, खोडावर निळसर-पांढरा पट्टा दिसतो तो. तो भाग घेऊ नका, वरच्या फांद्या घ्या. कडुनिंब नको, प्लाय, रंगवलेलं, पॅकिंगचं लाकूड नको. आणि ओलं तर बिलकुल नको, निदान सहा महिने सावलीत वाळलेलं, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजलं पाहिजे.

ओलं काहून नको तर त्याची बरीच ताकद पाणी उकळण्यात जाते, आग थंड पडते, आणि थंड आगीचा धूर म्हणजे पांढरा दाट धूर, त्यात अर्धवट जळालेला डांबरासारखा माल असते जो मटणावर बसून कडू चव देतो. चांगला धूर जवळपास दिसतच नाही, चिमणीवर हलकी निळसर झाक असते बस. म्हणून नवशिका माणूस सगळ्यात मोठी चूक हीच करतो, तापमान वाढलं की हवा बंद करतो. आग गुदमरते आणि पांढरा धूर सुरू. आग छोटी ठेवा पण तिला मोकळी हवा द्या. चिमणी पूर्ण उघडी, झरोका बराचसा उघडा, आणि मनगटाएवढं एक लाकूड दर ३०-४० मिनिटांनी, ते पण आधी पेटीच्या वर ठेवून गरम केलेलं, म्हणजे टाकताच पेट घेते.

पहिल्यांदा आम्ही बोकडाची रान म्हणजे अख्खी मांडी लावली, पावणेदोन किलोची, भिवापुरी तिखट घातलेला सावजी मसाला रात्रभर चोळून. आत सुई टोचायचा थर्मामीटर होता. तीन तासांत ६८ अंशांपर्यंत मस्त चढलं आणि मग थांबलं. अर्धा तास ६८. एक तास, ६९. मामेभाऊ म्हणे आग कमी पडली, टाक लाकूड, आणि मी मूर्खासारखा टाकत गेलो, टाकी १७० वर गेली, धूर पांढरा, आणि वरची साल कडू झाली ती झालीच.

काय झालं होतं ते आपल्या कूलरवरून समजते. कूलरची ताटी ओली असते, कोरडी हवा तिच्यातून जाते, पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून मे महिन्यात कूलर बर्फासारखा चालते आणि जुलैत घामाघूम. मटणाचंही तसंच आहे. ६५ ते ७५ अंशांच्या मधे कुठंतरी वरून उडणाऱ्या पाण्यामुळे जेवढी उष्णता जाते तेवढीच आगीकडून येते, हिशोब बरोबरीत सुटतो आणि काटा हलत नाही. म्हणजे आतमध्ये रान स्वतःचा कूलर चालवून राहिली असते. उपाय दोन, गप बसून राहायचं, किंवा मटण फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचं, म्हणजे ताटीवर पॉलिथिन टाकल्यासारखं, उडायला वावच नाही, काटा परत चढायला लागते. दुसऱ्या वेळी आम्ही ७० ला गुंडाळली आणि ९२-९३ ला काढली, पाच तासांच्या आसपास लागले.

९० च्या वर काहून न्यायची, ७५ लाही शिजलेलंच असते की? शिजलेलं असते, पण चामट असते. मांडीत जो चिवट भाग असतो तो हळूहळू विरघळून जिलेटिन होते, पायाच्या सूपने बोटं चिकटतात ते हेच, आणि त्याला तापमानाइतकाच वेळही लागतो. बोकडाला चरबी कमी म्हणून टाकीत पाण्याचा एक गंज म्हणजे पातेलं ठेवतो, हवा थोडी दमट राहते. कोंबडी लावली तर तिला एवढं थांबायचं कारण नाही, सगळ्यात जाड भागात ७४ झालं की काढा. वांग्याला मात्र हा स्मोकर कामाचा नाही, १२० अंशात साल करपतच नाही, वांगी सरळ आगीच्या पेटीत निखाऱ्यावर टाका, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या आगीवरचं भरीत आठवेल.

कापल्यावर कडेने गुलाबी पट्टा दिसला तर घाबरू नका. आमच्या आत्याने ताट बाजूला सारलं, "कच्चं आहे रे पोट्टेहो." कच्चं नसते. आगीतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून ठेवतात, मग तो रंग शिजूनही जात नाही. तोच कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या रक्ताला पण तसाच धरते, त्यामुळे स्मोकर उघड्यावरच चालवायचा, पावसात पोर्चमध्ये किंवा शटर अर्धं ओढलेल्या गॅरेजमध्ये नाही. आत्याने शेवटी काठाचा तुकडा खाल्ला, मग दुसरा पण मागितला, पण वरून रस्सा पाहिजेच म्हणे, कोरडं काय खायचं.

काम झालं की राख त्याच दिवशी थंड झाल्यावर काढा. राखेला ओल लागली की ती खारट-तिखट क्षार सोडते आणि पेटीचं बूड खाऊन टाकते, आमच्या पहिल्याच पावसाळ्यात प्लेटवर पापुद्रे आले होते. चिमणीवर तेलाचा पालथा डबा ठेवतो. राख आई घेऊन जाते, कढीपत्त्याच्या कुंडीत थोडी थोडी टाकते.